देवघरासमोरची ओली फरशी

"उचल तिला! शलाका, आधी तिला उचल!"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, तेव्हा मी मागच्या अंगणातून सायला कडेवर घेऊन आत येत होते. साय म्हणजे पांढरं पिल्लू. दुसरं राखाडी, त्याचं नाव ढग. ढग देवघरासमोर शेपूट हलवत उभा होता आणि त्याच्या पुढ्यातल्या ओल्या फरशीवर माझी सव्वा वर्षाची मनवा बसकण मारून दोन्ही तळव्यांनी थपथप करत होती. आपल्यासाठीच कुणी पाणी सांडून ठेवलंय, असा आनंदी चेहरा.

मी सायला टाकलं आणि मनवाची मनगटं धरली. हात तोंडाकडे निघालेच होते. मोरीत नेऊन कोपरापर्यंत साबण लावला, नखं घासली, फ्रॉक काढला, पुन्हा साबण लावला. ती रडायला लागली तरी मी धूतच होते.

बाहेर आले तर आईंनी फरशी पुसून फिनेल फिरवलं होतं आणि आता त्या गोमूत्राची बाटली घेऊन वाकल्या होत्या. हातावर घेऊन शिंपडत होत्या, देवघराच्या पायरीपासून भिंतीपर्यंत.

"देवाच्या पायाशी," त्या म्हणाल्या. "रोज. एवढं घर पडलंय, पण यांना इथंच सुचतं."

"आई, लहान आहेत अजून."

"मनवा काय मोठी आहे? तिच्या पोटात गेलं काही, तर कोणाला सांगायचं?"

हाच प्रश्न मी स्वतःला दिवसभर विचारायचे. पिल्लांना जंताचं औषध देऊन झालं होतं, मनवाला देऊन झालं होतं. तरी तिची प्रत्येक शी मी वाकून बघायचे.

"अण्णाशी बोलले मी," बाटलीचं बूच लावत त्या म्हणाल्या. "रविवारी येतोय. घेऊन जाईल शेतावर."

अण्णामामा म्हणजे त्यांचे भाऊ. पातूरच्या बाजूला त्यांचं शेत, शेतात पत्र्याची शेड, आणि दिवस मे महिन्याचे. अकोल्याच्या उन्हात दुपारी माणसं दारं लावून, कूलरपुढे ओला पंचा डोक्यावर टाकून बसतात. तिथे बर्फातल्या जातीची, कापसाच्या गाठीसारखी केसाळ पिल्लं पत्र्याखाली साखळीला बांधली, तर आठवडा तरी काढतील का?

"आई, थोडे दिवस फक्त. हृषी येईपर्यंत."

"येऊन तो कुठे ठेवणार आहे त्यांना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते देता येत नव्हतं.

हृषी माझा धाकटा भाऊ. नागपूरला एकटा राहायचा. लोकांची कुत्री शिकवणं हा त्याचा धंदा. आमचे आई-बाबा गेल्यावर घरात जिवंत काहीतरी हवं म्हणून त्यानं ही हस्कीची जोडी घेतली आणि त्याच महिन्यात रिंग रोडवर एका टेम्पोनं त्याला मागून उडवलं. जीव वाचला. कमरेखालचं काहीच वाचलं नाही. शेजाऱ्यांनी पिल्लं काही दिवस सांभाळली, मग मीच दोन तारेचे पिंजरे आणि ही दोघं गाडीत घालून घेऊन आले. सासरी न विचारता आणलेलं माझं हे माहेर.

येत्या सोमवारी त्याला दवाखान्यातून सोडणार होते. "पेशंट कुठे जाणार?" असं तिथल्या बाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "माझ्याकडे" असं निघून गेलं होतं. हे घरात फक्त कौस्तुभला, माझ्या नवऱ्याला, माहीत होतं.

"आईला तू सांग," तो म्हणाला होता. बँकेच्या कामाला रोज वाशिमला जायचा, पायात बूट घालता घालता बोलत होता.

"तुझी आई आहे, कौस्तुभ."

"म्हणूनच सांगतो. आता जाऊन तिला सांगू, की दोन पिल्लांची लघवी पुसून वैतागलीस ना, आता एका माणसाची पण सोय कर? आधी कुत्र्यांचं निस्तर, शलाका. ती दोघं ताळ्यावर आली, की विचारायला तोंड तरी राहील."

मला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. पिल्लं गेली असती तर हृषीचं नाव काढण्याची सोयच उरली नसती. म्हणून मी त्या पिल्लांच्या मागे जीव खाऊन लागले होते.

शिकवत होता हृषीच. रोज सकाळी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल करायचा. फोन उशीला टेकवलेला, त्यामुळे निम्म्या पडद्यावर छतावरचा पंखा आणि निम्म्यावर त्याची दाढी.

"क्रेट, म्हणजे तो पिंजरा, ही शिक्षा नाही, ताई. चिडलीस की आत कोंबायचं, असं एकदा जरी केलंस तरी संपलं. जेवण आत दे. खेळणं आत टाक. दार उघडं ठेव. स्वतःहून जायला लागले पाहिजेत."

"जातात. पण दार लावलं की रडतात. रडतात म्हणजे काय, गातात. शेजारच्या काकू विचारायला आल्या होत्या, कोण गेलं म्हणून."

तो हसला नाही. अपघातापासून तो हसलाच नव्हता.

"मग उघडतेस?"

"मी नाही. आई उघडतात. त्यांना ऐकवत नाही."

आईंनी पहिल्या दिवसापासून त्या पिंजऱ्यांना खुराडं म्हटलं होतं. मी मनवाला झोपवायला खोलीत गेले, की ढगाचं रडगाणं सुरू व्हायचं आणि पाठोपाठ कडी सरकल्याचा आवाज. "जा बाप्पा, जा, फीर मोकळा. काहून कोंडलं रे तुला?" आणि थोड्या वेळानं त्याच आईंचा आवाज, "अगोबाई, केलं मेल्यानं देवापुढे!"

"त्यांना सांग, गप्प झाले की उघडायचं," हृषी म्हणाला. "एक श्वासभर गप्प झाले तरी चालेल, पण गप्प. नाहीतर रडलं की दार उघडतं, एवढंच शिकतील. बरं, आतलं अंथरूण कोरडं असतं?"

"खडखडीत."

"बघ! हुशार आहेत. जिथे झोपायचं तिथे करत नाहीत. मला तर तेवढंही…"

फोनमधला पंखा फिरत राहिला. मग तो म्हणाला, "उठल्या उठल्या, जेवल्यावर, खेळून झाल्यावर, उचलून थेट अंगणात. रोज एकाच जागी. केलं की लाड कर, वेड्यासारखे लाड कर. ठेवतो ताई, सिस्टर आलीय."

मी तेच करत होते. मनवा एका कडेवर, पिल्लू दुसऱ्या कडेवर, अंगणातल्या शेवग्याखाली भाजणाऱ्या मातीवर उभी राहायचे आणि "कर ना रे, कर ना सोन्या" म्हणून विनवण्या करायचे. साय माझ्या चपलेचा पट्टा चावायची. ढग शेवग्याची पडलेली फुलं हुंगायचा. करायचे काहीच नाहीत. आत आणलं, की दोघं नाक फरशीला लावून निघायची, कूलरपुढून, सोफ्याखालून, आणि थेट देवघरापुढे. गोल फिरायची. बसायची. झालं.

आई पुसायच्या, फिनेल फिरवायच्या, गोमूत्र शिंपडायच्या. मग मी पिंजऱ्यापाशी बसून रडायचे. ढग तारांतून जीभ काढून माझी बोटं चाटायचा, की मला आणखीच हुंदके यायचे. इंग्रजी घेऊन एमए केलेली बाई, आणि दोन पिल्लं कुठे बसतात यावर माझ्या भावाचं छप्पर ठरत होतं.

शुक्रवारी मी चूक केली. ढग पुन्हा तिथे बसायला लागला, तेव्हा मी ओरडले. ओरडले म्हणजे किंचाळले. तो जागच्या जागी दबला, कान मागे गेले आणि सरपटत सोफ्याखाली शिरला. मनवा घाबरून रडायला लागली. आई आतून आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, तुझ्याच्यानंही होत नाही.

त्यांनी मनवाला उचलून घेतलं. "जरा बस," एवढंच म्हणाल्या. आणि बाटली आणायला गेल्या.

शनिवारी सकाळी कॉलनीत एक आजोबा गेले. आई तिथे जाऊन आल्या. पुढच्या दाराबाहेर त्यांनी पाय धुतले, उंबरठ्यावर गोमूत्र शिंपडलं, दारातल्या पायपुसण्यावरही शिंपडलं आणि आंघोळीला गेल्या. मी मनवाला वरणभात भरवत होते. पिंजऱ्यांची दारं उघडी होती.

साय बाहेर आली. आळस दिला. नाक खाली घालून देवघराकडे निघाली आणि मध्येच थांबली. मान वळवली. मग उलटी फिरून पुढच्या दाराकडे गेली. त्या दाराशी ती आजवर कधीच काही करायला गेली नव्हती. पायपुसणं हुंगलं, दोनदा गोल फिरली आणि बसली.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मनवा तोंड उघडून वाट बघत होती.

साय परत आली, तोवर ढग निघाला होता. तोही पायपुसण्याकडे.

मी ताटली खाली ठेवली, मनवाला काखेत मारलं आणि आईंनी उंबरठ्याशी ठेवलेली बाटली उचलली. मागच्या अंगणात गेले. शेवग्याखाली मातीवर बाटली उपडी केली, अर्धीअधिक रिकामी केली. मग आत येऊन ती देवघरात ठेवली, दोघांना पाणी पाजलं, खेळवलं, जरा वेळानं उचलून नेलं आणि मातीवर ठेवलं. या वेळी विनवण्या केल्या नाहीत. श्वास रोखून उभी राहिले.

ढगानं नाक खाली घातलं. गोल फिरला आणि बसला. साय त्याच्या शेजारी, जवळजवळ त्याच्या अंगावरच.

मी त्या उन्हात अनवाणी नाचले. खरंच नाचले. मनवा खिदळत होती, पिल्लं माझ्या पायांभोवती उड्या मारत होती आणि पायांचे तळवे भाजतायत हे मला आत आल्यावर कळलं.

हृषीला फोन लावला.

"गोमूत्र?" तो म्हणाला. "ताई, मूत्र आहे ते! त्यांना काय कळणार गाईचं की कुणाचं. त्यांच्या नाकाला पाटीच लावलीय ना कुणीतरी, इथे करावे म्हणून!" आणि तो हसायला लागला. फोन उशीवरून घसरला, पडद्यावर नुसता पांढरा कपडा दिसत होता आणि त्यातून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. "तुझी सासू भारी ट्रेनर आहे गं! माझ्यापेक्षा भारी! फक्त जागा चुकली!"

हसता हसता त्याला खोकला आला. मी फोन धरून तशीच बसले. तो आवाज थांबू नये, असं वाटत होतं.

मग प्रश्न उरला, आईंना सांगायचं कसं? तुमच्या गोमूत्रापायी तुमच्या देवापुढे रोज घाण होत होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या डोक्यावरून आंघोळ करून, केस वाळवून आल्या, देवापुढे बसल्या, बाटली हातात घेतली.

"हे एवढं कसं संपलं?"

"आई, एक विचारू?" मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "आता घरात नका शिंपडू. मागे शेवग्याखाली शिंपडत जा. रोज सकाळी. आणि इथली फरशी मी आज व्हिनेगरनं धुऊन काढते."

"काहून?"

"पिल्लं तिथे करतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाटलीकडे बघितलं. मग देवघरापुढच्या फरशीकडे. आई शाळेत गणित शिकवायच्या, दोन आणि दोन मांडायला त्यांना वेळ लागत नसे.

"म्हणजे मीच बोलावत होते की त्यांना," त्या हळूच म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"हसतेस काय?"

"नाही हो आई, हसत नाहीये."

"हसतेच आहेस." त्यांनी बाटली पदराखाली घेतली, कुणी बघेल म्हणून. "कौस्तुभला सांगू नकोस. जन्मभर चिडवेल मला."

रविवारी अण्णामामा आले. दारातूनच ओरडले, "काय बाप्पा, हे लांडगे आणले काहून घरात?" बरोबर साखळी आणली होती, जाडजूड, बैलाला बांधायची. पिल्लं पिंजऱ्यात झोपली होती. दारं उघडी होती, तरी आतच, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. मी हॉलच्या दारात उभी होते. वाटेत उभी होते, असं म्हटलं तरी चालेल.

"चहा घे," आई म्हणाल्या.

"आधी माल तर दाखव."

ढग जागा झाला. फरशी व्हिनेगरनं तीनतीनदा धुतली होती, तरी वास राहिला असला तर? तो बाहेर आला, अंग झटकलं, मामांचे पाय हुंगले. देवघराकडे वळला. आईंनी हातातली बशी खाली ठेवली. ढगानं पायरी हुंगली, शिंकला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आईंनीच उठून दार उघडलं.

तो शेवग्याखाली जाऊन परत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अण्णा, साखळी परत ने. लिंबं ठेवलीत पिशवीत, तेवढी घेऊन जा."

"अगं, तूच तर म्हणून राहिली होतीस, की…"

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

मामा गेले. कौस्तुभनं माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मनवाला घेऊन शहाण्यासारखा आतल्या खोलीत गेला. कूलर घरघरत होता. आई दिवाणावर बसून पंच्यानं मान पुसत होत्या. उद्या सोमवार होता. माझ्याकडे ही एकच दुपार उरली होती.

"आई, हृषीला उद्या सोडतायत."

"माहीत आहे."

"कौस्तुभनं सांगितलं?"

"कोणी काही सांगत नाही मला. परवा तू ओढणीनं न्हाणीघराचं दार मापत होतीस. कुत्र्यांसाठी कोण दार मापतं? मापतात ते चाकाच्या खुर्चीसाठी."

मी त्यांच्या पायाशी बसले. तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. "त्याला इथे आणू? दुसरं कोणी नाही हो त्याला. बघा ना, पिल्लांचं जमलं की नाही? तसंच याचंही…"

"पिल्लं शिकतात, शलाका," त्या म्हणाल्या. "तो शिकणार नाही."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

"मामंजींचं, माझ्या सासऱ्यांचं, मी केलंय. लकवा मारला होता त्यांना. कौस्तुभ तेव्हा शाळेत जायचा. मी शाळेत शिकवून यायचे आणि आधी त्यांची चादर बदलायचे. माणूस शिव्या देतो, शलाका. मग लाजतो, मग रडतो, आणि मग पुन्हा शिव्या देतो. त्यांनी एकदा भरलेलं भांडं माझ्या अंगावर फेकलं होतं. ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचा मी आजपर्यंत कोणाजवळ उच्चार केला नाही. मला आता नाही होणार ते. खोटं कशाला सांगू?"

"तुम्ही काही करू नका. मी करीन. तुम्हाला एकदाही हाक मारणार नाही."

"आणि मनवाला कोण बघणार?"

"मीच."

"वळवशील कसा त्याला?"

"म्हणजे?"

"सारखं कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर पाठीला जखमा होतात, त्या बऱ्या होत नाहीत. धिप्पाड आहे तो, लग्नात बघितलाय मी. तू ही एवढीशी. कसा वळवशील, सांग."

मी फक्त रडत होते. नाक पुसायला पदर नव्हता, कुर्त्याची बाही होती, ती ओली झाली होती. त्यांचा नकार पुरा झाला असं समजून मी उठायला लागले. डोक्यात भाड्याच्या खोल्या यायला लागल्या. तळमजला, दोन खोल्या, एक मूल, एक भाऊ, दोन कुत्री. कौस्तुभ येईल का आमच्याबरोबर, तेही येऊन गेलं डोक्यात.

आई उठल्या. कपाटातून जुनी सोलापुरी चादर काढली, दुहेरी केली आणि दिवाणावर आडवी अंथरली.

"झोप इथे."

"मी?"

"मग काय ढगाला झोपवू? झोप."

मी उताणी झोपले. त्यांनी माझा एक हात छातीवर ठेवला, एक गुडघा दुमडला. पलीकडे वाकून चादरीची कड दोन्ही मुठींत गुंडाळली. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या गालावर पडला.

"कडक होऊ नकोस. अंग सोड. तो मदत करणार नाहीये."

मी अंग सोडलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच सोडलं असेन. चादर ताणली गेली, माझा खांदा उचलला गेला, मग कंबर, आणि मी अलगद, आपसूक वळल्यासारखी, त्यांच्या बाजूला कुशीवर आले. त्यांचा श्वास लागला होता. त्यांनी माझ्या पाठीमागे उशी सरकवली आणि ती नीट बसली का ते हातानं चाचपून पाहिलं.

"ओढायचं चादरीला, माणसाला नाही," त्या म्हणाल्या. "आणि वळवायच्या आधी त्याला सांगायचं. दरवेळी सांगायचं. मी मामंजींना कधी सांगितलं नाही."

मी त्यांच्याकडे बघत पडून राहिले. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, साडीच्या निऱ्या नीट केल्या.

"चल, ऊठ आता," त्या म्हणाल्या. "मी झोपते. मला वळव."